सुजाताची पहिली दिवाणी

लोक भोर-वेल्ह्याला जातात ते गड चढायला, नाहीतर धरणाचं पाणी बघायला. मी गेले वकिलांशी गप्पा मारायला. घरात हा बेत सांगितला तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "कामाशिवाय वकिलाकडे जाणारी तू जगात पहिलीच." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्याला फार प्रिय. सबंध संसारात त्याने ती मला इतक्यांदा ऐकवली आहे की आता मी ऐकूच येत नसल्यासारखं करते.

मी वकील आहे. म्हणजे होते. सनद मिळाल्यावर थोडी वर्षं पुण्यात कोर्टात उमेदवारी केली, मग एका बँकेच्या विधी विभागात नोकरी लागली. पगारी नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते, तशी मीही ठेवली. बँकेत खुर्ची मऊ होती, डोक्यावर पंखा होता, पहिल्या तारखेला पगार होता. पण कोर्ट नव्हतं. आपलं काम पुकारलं की पोटात जो गोळा येतो तो नव्हता. आता निवृत्त झाले आणि सनद पुन्हा सुरू करता येते म्हटल्यावर तो गोळा आठवायला लागला. म्हटलं, आधी बघून तरी यावं की या धंद्यात आता कोण आहे, कसं आहे, आमच्यासारख्यांना जागा आहे का. पुण्यातल्या वकिलांना बोलायला वेळ नसतो. वेल्ह्याच्या सुजाताची ओळख एका लोकअदालतीत झाली होती. तिला फोन केला तर म्हणाली, "या की ताई. पण वकिली बघायची असेल तर तारीख बघून या." तिने सांगितलेली तारीख धरून मी तीन दिवसांचे कपडे भरले.

कापूरहोळ

सातारा रस्त्यावर भोरचा फाटा फुटतो तिथे, कापूरहोळला, मी एसटीतून उतरले. ढाबे, पंक्चरवाले, टायरच्या माळा, आणि भोरची गाडी कधी येणार यावर प्रत्येकाचं वेगळं मत. मिसळ मागवली. तर्री एवढी जळजळीत की शेजारच्या माणसाने न मागता स्वतःचा ताकाचा पेला माझ्यापुढे सरकवला. पुण्यात कुणी असं केलं असतं तर मी आधी संशयाने बघितलं असतं.

इथे मला भेटायचा होता शिवऱ्याचा रोहन, सुजाताच्या बरोबरीचा वकील. फोनवर तो म्हणाला होता, "माझं ऑफिस गॅरेजच्या मागं आहे." गॅरेजच्या मागे एक पांढरी मोटार उभी होती आणि काळा कोट, पांढरा बँड असा जामानिमा करून एक तरुण ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसला होता. समोर काचेला मोबाईल अडकवलेला. मला बघून त्याने डोळ्यांनीच 'थांबा' म्हटलं. तो मुंबईच्या एका न्यायाधिकरणापुढे हजर होता. एवढ्यात गॅरेजवाल्याने ट्रकच्या चाकावर घण घातला. मोबाईलमधून प्रश्न आला की हा आवाज कसला. रोहन अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, शेजारी बांधकाम चालू आहे." पुढची तारीख पडली.

"शिवऱ्यात रेंज जाती-येती, हितं कधीच जात न्हाई," बँड सोडत तो म्हणाला. "बदल म्हणाल तर हा बदल. तालुक्यातला वकील मुंबईपुढं उभा राहतो आता."

"बसतो," मी म्हटलं.

तो हसला. मग चहा पिताना मोकळा झाला. त्याचं खरं उत्पन्न जमिनीच्या सर्च रिपोर्टवर. पुण्या-मुंबईचे लोक डोंगराकडेला जागा घेतात, त्यांना जागेचा जुना इतिहास काढून द्यायचा. काम बरं आहे, घर चालतं, गाडीचा हप्ता जातो. "पण ताई, खरं सांगू? साक्षीदार पिंजऱ्यात उभाय आणि मी त्याची उलटतपासणी घेतोय, असं अजून एकदापण झालं न्हाई. मी काळा कोट घातला तो त्यासाठी. सुजातानं घेतली. बहिणीच्या वाट्याच्या दाव्यात समोरच्या भावाची घेतली, दोन तारखा चालली. आमी सगळे बघायला गेलो होतो." हे तो असं सांगत होता, जणू गावच्या कुस्तीतली निकाली कुस्ती सांगतोय. मला तो एकदम जवळचा वाटला. आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी तळमळत होतो, फक्त त्याच्यापुढे वेळ होता.

भोर

भोरच्या कोर्टातली वकिलांची खोली मला पाहताक्षणी आवडली. लांबलचक टेबल, त्यावर फायलींच्या चळती, आणि प्रत्येक खुर्चीचा मालक ठरलेला. खुर्च्यांवर नावं नाहीत, पण चुकीच्या खुर्चीत बसलात तर सगळी खोली खोकते. माझ्यावरही खोकली. सुजाताने हाताला धरून मला बाकड्यावर बसवलं.

सुजाता पस्तिशीची, सावळी, बोलायला लागली की भुवया आधी बोलतात अशी. वेल्ह्याच्या बौद्ध वस्तीतलं तिचं घर. वडील एसटीत होते. भोरला कॉलेज, पुण्याला कायदा, आणि मग इथेच परत. तिचे सीनियर म्हणजे अण्णा वकील. सत्तरी ओलांडलेले, धोतर सोडून पँटीवर आलेत एवढीच आधुनिकता, पण दिवाणी कायदा तोंडपाठ. अण्णांच्या हाताखाली तिने बरीच वर्षं काढली. दावे ती लिहायची, कोर्टात अण्णांच्या नावाने उभी राहायची. वकीलपत्रावर नाव अण्णांचं. "तसं सगळीकडंच असतं," ती म्हणाली, "ज्युनियरचं नाव कोण विचारतंय?"

अण्णांना मी विचारलं, तुमच्या काळात बायका वकील किती होत्या. ते म्हणाले, "एक होती. तिला बसायला जागा न्हवती म्हणून ती बाहेर झाडाखाली बसायची. चांगली वकील होती. लग्न होऊन गेली." मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता बघा. निम्म्या खुर्च्या पोरींच्या. आणि वरती न्यायाधीश पण बाईच."

हे खरंच होतं, आणि मला बरंही वाटलं. पण दुपारी डबा खाताना सुजाताने त्यातली मेख सांगितली. डब्यात पावट्याची उसळ आणि तांदळाची भाकरी होती. ती पांढरीशुभ्र मऊ भाकरी मला पुण्यात कधीच जमत नाही.

"कोर्टात कुणी वंगाळ वागत नाही ताई. खुर्ची देतात, चहा देतात, मॅडम म्हणतात. फक्त दिवाणी काम देत नाहीत. नवऱ्याने मारलं, पोटगी थकली की माझ्याकडं. आमच्या वस्तीतलं काही असलं की माझ्याकडं. जमिनीचं असलं की ज्याचा-त्याचा आपला वकील ठरलेला. जमीन म्हणजे घरातली गोष्ट. घरातली गोष्ट घरातल्याच्या हातात देतात."

म्हणूनच चंद्राबाईंचा दावा तिच्यासाठी एवढा मोठा होता. चंद्राबाई साठीच्या, माहेर भोर तालुक्यातलं, सासर वेल्ह्याकडचं, शेतकरी मराठा घरातल्या. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा वाटा मागणारा दावा. सुजाताने आधी त्यांच्या सुनेची पोटगीची बाब दोन्ही बाजू राखून मिटवली होती, त्यावरून सासूचा विश्वास बसला. तालुक्यातल्या सगळ्या वकिलांना सोडून ही बाई सरळ सुजाताकडे आली. वकीलपत्रावर पहिल्यांदाच फक्त सुजाताचं नाव. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. साक्षीपुरावा झाला होता. परवा शेवटचा युक्तिवाद होता आणि तो सुजाता स्वतः करणार होती. मला बोलावलं होतं ते त्यासाठी.

अण्णा डबा झाकत म्हणाले, "परवा मी मागच्या बाकावर बसणार. तिचं ऐकायला." त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि किंचित एकटेपणाही.

वेल्हे

कागदावर तालुक्याचं नाव बदललंय, पण भोरहून नसरापूरमार्गे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर अजून "वेल्हं, वेल्हं" असंच ओरडतो. दोन्ही हाताला डोंगर जवळ येत गेले. भात कापून गेलेल्या खाचरांत पावटा आणि हरभरा उभा होता. तोरण्याचा माथा उन्हात लख्ख दिसला, आणि गाडीतल्या एकाही माणसाने मान वर करून बघितलं नाही. आपणही पुण्यात शनिवारवाड्याकडे कुठे बघतो?

सुजाताच्या घरी मुक्काम. तिच्या आईने नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं केलं होतं. त्या माउलीने माझी एकच चौकशी केली, "तुमी वकील असून बँकेत का गेला?" मी म्हटलं, पगार. तिने मान हलवली. "आमच्या सुजीला पण म्हनलं, नोकरी बघ. तर म्हनती, मला उभं राहून बोलायचंय."

मला उभं राहून बोलायचंय. एवढं सरळ मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

जेवणानंतर अंगणात सुजाताने मला न्यायाधीश करून बसवलं आणि युक्तिवाद म्हणून दाखवला. वंशावळ, वडिलांचा मृत्यू, फेरफारात बहिणीचं नाव कसं गाळलं, भाऊ साक्षीत काय बोलून अडकला. सुरुवातीला ती घाईत होती, मग लय लागली. एके ठिकाणी मी तिला टोकलं, तिने क्षणभर विचार करून असं उत्तर दिलं की मला ते मान्यच करावं लागलं. मला तिचा हेवा वाटला. चांगला, भरभरून हेवा.

सकाळी आम्ही चहा घेत असताना चंद्राबाई आल्या. हातात पावट्याच्या शेंगांची पिशवी. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. पिशवी ठेवून त्या उंबऱ्याजवळच बसल्या. आत या म्हटलं तरी येईनात. सुजाताच्या आईने चहा दिला, तो त्यांनी घेतला, पण कप हातातच राहिला.

"काय झालं चंद्राबाई?" सुजाताने विचारलं.

"दादा आलता काल. सोता आलता." त्यांनी कप खाली ठेवला. "दाव्यापास्नं दादानं माज्याशी बोलनं टाकलं व्हतं. भाऊबीजंला न्हाई बोलावलं, जत्रंला न्हाई. काल आला नि माज्या हातचं पानी प्याला."

"हे चांगलं झालं की."

"म्हनला, वड्याकडचं खाचर तुज्या नावावर करतो. तडजोड करू. जत्रंला ये." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "पर म्हनला, ती वकीलीन नको. ती आसंल तर आमी सही करनार न्हाई. भाऊकी हसती म्हनला. आपल्या घरातलं वाटप तिच्या हातनं... अण्णांना वकील कर म्हनला, आन् तारखेला सह्या करू."

सुजाताची आई आत निघून गेली. भांडी घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा यायला लागला.

वाचकांसाठी सांगते. एकदा वकील दिला की पक्षकाराला दुसरा वकील देता येतो, पण त्याआधी पहिल्या वकिलाने नव्या वकीलपत्रावर 'ना हरकत' असं लिहून सही करायची, असा आमच्यातला रिवाज आहे. सहसा कुणी अडवत नाही. अडवलं तर तारखा वाया जातात आणि तोवर समोरच्याचं मन फिरतं. चंद्राबाई ती सही मागायला आल्या होत्या.

माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, "सुजाता, उद्या युक्तिवाद कर. तू हा दावा जिंकशील. खाचरच काय, पुरा वाटा मिळेल."

"मिळेल," सुजाता म्हणाली. "मग अपील होईल. ह्यांचं वय काय आहे ताई?" मग ती चंद्राबाईंकडे वळली. "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. माझा विचार करू नका."

चंद्राबाई रडायला लागल्या. "तुमी मला उभं केलं. कोर्टात तुमी माज्यासाटी भांडला. तुमच्यासंगट मी आसं कसं करू? पर बाई, मला माज्या आईच्या घराचा उंबरा वलांडायचाय. मरायच्या आदी एकदा."

सुजाताने अंगणाकडे बघितलं. त्या अंगणात काल ती उभं राहून बोलली होती. मग तिने अण्णांना फोन लावला. अण्णांना निरोप आधीच पोचला होता. फोन स्पीकरवर होता, म्हातारा नुसता चाचरत होता. "मी न्हाई म्हणतो, सुजाता. तू सांग, मी न्हाई म्हणून टाकतो. मला शोभत न्हाई हे."

"तुम्हीच घ्या अण्णा," ती म्हणाली. "दुसऱ्याने घेतलं तर अटी पातळ होतील. तडजोड मी लिहिते. तुमच्या नावाने."

"पुन्हा माझ्याच नावाने?"

"हो."

फोन ठेवून ती लिहायला बसली. चंद्राबाईंना शेजारी घेऊन एकेक अट समजावून सांगितली. खाचर मिळालं तरी तिथे जायला वाट नसेल तर उपयोग काय, म्हणून बांधावरून वाट. विहीर सामाईक, तर पाणी पाळीने. चंद्राबाई प्रत्येक अट मागोमाग म्हणत होत्या, पोरी पाढे म्हणतात तशा. दुपारी सुजाताने ना हरकतीवर सही केली. ती सही एवढी सुबक, संथ होती की मला बघवेना. मी उठून रस्त्यावर गेले आणि उगाच तहसील कचेरीपर्यंत चालत जाऊन आले.

परत आले तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "एक क्षण वाटलं, देऊच नये. सगळ्यांना बसवावं तारखांवर. खरंच वाटलं हो." मी तिच्या शेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. दुसरं काय करणार?

पुन्हा भोर

तिने यायला नको होतं असं मला वाटत होतं. ती आली. कोट घालून आली, कारण तिची पोटगीची दोन कामं बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, होती. आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. अण्णा बसणार होते त्याच बाकावर. अण्णा पुढे उभे होते, खांदे पडलेले. रोहनही शिवऱ्याहून युक्तिवाद ऐकायला आला होता. त्याला दारातच सगळं कळलं आणि तो आत न येता तिथेच भिंतीला टेकला.

चंद्राबाई आणि त्यांचा भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. त्याची पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, पण नाक दोघांचं तेच. भावंडं म्हणून कुणालाही ओळखू आली असती. त्यांना तसं उभं बघून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

न्यायाधीश तरुण होत्या, आवाज शांत. तडजोड नुसती घेऊन ठेवायची नाही, पक्षकाराला समजली का हे विचारायचं, ही पद्धत त्यांनी नीट पाळली. "बाई, अटी तुम्हाला वाचून दाखवल्या का?"

"व्हय."

"काय समजलं, सांगा बरं."

"वड्याकडचं खाचर माजं. जायाला बांधावरनं वाट. हिरीचं पानी पाळीनं, पाळी चुकली तर दुसऱ्या दिशी." चंद्राबाई घडाघडा बोलल्या.

न्यायाधीशांना कौतुक वाटलेलं दिसलं. "छान. वकीलसाहेबांनी चांगलं समजावलंय."

चंद्राबाईंनी अण्णांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मला वाटलं, मान डोलवतील आणि संपेल. पण कोर्टात शपथेवर खोटं बोलायचं नाही, हे त्यांना साक्षीच्या वेळी सुजातानेच शिकवलं होतं.

"ह्यांनी न्हाई समजावलं," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या. "त्या बाईंनी. त्या मागं बसल्यात त्या."

अख्खं कोर्ट वळलं. भाऊ तेवढा वळला नाही, तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी चष्मा सावरला. गेल्या सगळ्या तारखा सुजाता याच दाव्यात उभी राहिलेली त्यांनी बघितली होती.

"वकील मॅडम?"

सुजाता उठली. बाकाच्या कडेला धरलेला तिचा हात मला दिसत होता. "मी आता या दाव्यात नाही, मॅडम."

न्यायाधीश तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला, चंद्राबाईंचा अंगठा धरून त्यावर दाबला आणि कागदावरची जागा दाखवली. अंगठा कागदाच्या वर आला आणि तिथेच थांबला.

"लावा बाई," कारकून म्हणाला.

चंद्राबाई पुन्हा मागे वळल्या. शाईने माखलेला अंगठा तसाच वर धरलेला. "बाई, लावू का?"

सुजाताने होकाराची मान हलवली. अंगठा तरी थांबलेलाच, म्हणून पुन्हा एकदा हलवली.

अंगठा उमटला. भावाने सही केली, अण्णांनी केली, कागद वर गेला. पुढचं काम निघालं, दुसरे वकील पुढे झाले, दुसरे पक्षकार आले. सुजाता अजून उभीच होती.